माझ्या बाजूनं

भावजी — थांबा वहिनी, हात लावू नका अजून. आधी ऐका, मग लावा.

वहिनी — जिना उतरल्यापासून ऐकतेच आहे. आधी ऐका, आधी ऐका, एवढंच म्हणताय, पुढचं काही तोंडातून निघत नाही.

भावजी — हसणार नाही ना?

वहिनी — हे गेल्यापासून गॅरेजमध्ये आज पहिल्यांदा पाऊल टाकलंय मी. हसायला नाही आले.

भावजी — दादाची सीट काढायची म्हणतोय. आजच, उजेड आहे तोवर. चार तर बोल्ट आहेत. पण तुम्ही हो म्हणालात तरच.

वहिनी — का बरं? अहो, ती सीट त्यांनी स्वतः शिवलीय. चामडं शिवताना माझ्या मशीनच्या सगळ्या सुया मोडल्या, आणि आत भरायला माझी उशी फोडली. अजून मी उशीशिवाय झोपते.

भावजी — माहीत आहे. म्हणून तर विचारतोय. ती सीट तापते, वहिनी.

वहिनी — मग तुमच्या पाईपनं तापत असेल. गाडी म्हटलं की तापायचीच.

भावजी — पाईप त्या बाजूला नाहीच, खरी मेख तिथंच आहे. असं बघा. इंजिन पुढं. त्याचा धूर मागं न्यायचा, तर पाईप कुणाच्या तरी पायाजवळून जाणारच. आम्ही दोघांनी घरी बांधलेली वीतभर उंचीची गाडी, दोनच माणसं बसणार, दुसरी वाटच नाही. बाजारात मिळतो तसला पाईप हिला बसत नाही. म्हणून आम्ही तिरके तुकडे कापून, एकाला एक जोडून वळणं केली. आणि तो पाईप तापतो म्हणजे साधा नाही, रसरसतो. मग त्याच्यावर पट्टी गुंडाळायची. पाण्यात भिजवायची, ओली असतानाच ओढून घट्ट बसवायची.

वहिनी — पाण्यात भिजवून पट्टी.

भावजी — हो, तिला पट्टीच म्हणतात. तिच्यावर पत्र्याची ढाल, मध्ये बोटभर फट ठेवून, म्हणजे हवा खेळते. एवढं सगळं केलं तरी माझे पाय थोडे शेकायलाच हवेत. पाईप माझ्या बाजूनं जातो ना.

वहिनी — मग शेकत नाहीत का?

भावजी — नाही. माझ्या पायाखालचा पत्रा माठासारखा गार. ढाल एवढी तापते की वर पाणी शिंपडलं तर उडून जातं. तिच्यापासून चार बोटांवर माझा पाय, आणि तो गार. पलीकडं दादाची सीट, जिच्या खाली ना पाईप, ना वायर, ना काही, ती इंजिन तापायच्या आधीच तापलेली.

वहिनी — कुठून तरी वाफ शिरत असेल.

भावजी — तेच वाटलं मला. गाडीचं पोट सगळं उघडलं. सीटखाली धग अडवणारा दुहेरी बोर्ड घातला. बोर्ड गार आणि सीट गरम. शेवटी आपल्या ठिणगीला बोलावलं.

वहिनी — तो वेल्डिंगवाला?

भावजी — तोच. आधी माझीच थट्टा केली. म्हणाला, तू बसून बसून गरम करतोस आणि मला बोलावतोस. मग हात ठेवला सीटवर. बराच वेळ ठेवला. चेष्टा बंद झाली. मी विचारलं, काय रे, किती धग आहे? तर म्हणाला, ही धग नाही. मी म्हटलं, मग काय आहे? म्हणाला, आयुष्य धगीपाशी गेलं माझं. धग टोचते. ही टोचत नाही. हिला ऊब म्हणतात.

वहिनी — ऊब म्हणाला तो?

भावजी — हो. आणि उठला. मी म्हटलं, अरे, उपाय तरी सांग. तर म्हणाला, मी पाईप जोडतो, माणसं नाही. हातोडा इथंच विसरून गेला. अजून न्यायला आलेला नाही. एरवी स्क्रू हरवला तरी घरी फोन करणारा माणूस.

वहिनी — त्याला मनाला लावून घ्यायची सवयच आहे हो. तुम्ही मोजलं का काही? तुमच्याकडं ती उष्णता मोजायची बंदूक आहे ना?

भावजी — मोजलं की. ढालीवर धरली तर दोनशेच्या वर. सीटवर काहीच नाही. सदतीस.

वहिनी — किती म्हणालात?

भावजी — सदतीस. पाईपच्या मानानं गारच म्हणायचं.

वहिनी — पाईपच्या मानानं.

भावजी — का? काय झालं?

वहिनी — दवाखान्यात ह्यांच्या उशाशी बसून मी दुसरं काय केलं, भावजी? देवाचं नाव घेतलं आणि आकडे वाचले. सदतीस दिसलं की नर्सबाई मला म्हणायच्या, आज घासभर काहीतरी खाऊन घ्या.

भावजी — वहिनी, मी त्या अर्थानं नव्हतं म्हटलं.

वहिनी — तुम्ही नसेल म्हटलं. रोज तेवढंच असतं का?

भावजी — सकाळी गाडी चालू केली तर तेवढंच. संध्याकाळी केली तर चढतं.

वहिनी — चढतं.

भावजी — काल अडतीसच्या पुढं गेलं. मी चावी काढली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. म्हणून तर म्हणतोय, सीट काढू. मला रात्री डोळा लागत नाही.

वहिनी — ह्यांचाही ताप संध्याकाळीच चढायचा. दिवसभर बरे असायचे, तुमची चौकशी करायचे, गाडी कुठवर आली विचारायचे. ऊन कलायला लागलं की अंग तापायचं. मग बडबड सुरू व्हायची. एकच वाक्य. त्याचे पाय भाजतील, त्याचे पाय भाजतील.

भावजी — कुणाचे?

वहिनी — मला काय कळणार? डॉक्टर म्हणाले, तापात माणूस बरळतो, लक्ष देऊ नका. मी कपाळावरची पट्टी बदलायची आणि म्हणायची, नाही भाजणार हो, कुणाचे नाही भाजणार. सासूबाई बाहेर जाऊन रडायच्या. त्यांना वाटायचं, यमदूत दिसतायत ह्यांना.

भावजी — वहिनी, मी जरा माझ्या सीटवर बसतो.

वहिनी — बसा. पण झालं काय?

भावजी — पाईप ह्या बाजूला नव्हताच जायचा. दादाच्या बाजूनं जायचा होता.

वहिनी — मग?

भावजी — तुम्हाला माहीत आहे, मला डावं-उजवं कळत नाही. लहानपणापासून. एकाच गादीवर झोपायचो आम्ही, तेव्हापासून दादानं ठरवून टाकलं होतं, ही माझी बाजू, ती तुझी बाजू. गाडीतही तेच. चालवणार मी, म्हणजे ही माझी. ती त्याची. दवाखान्यातून त्याचा फोन आला. म्हणाला, पाईप माझ्या बाजूनं ने. तुला पायानं काम करायचंय, मला नुसतं बसायचंय. मला सोसेल.

वहिनी — अस्से म्हणाले?

भावजी — अस्सेच. ठिणगी गाडीखाली होता, तोंडावर मुखवटा, कानात मशीनचा आवाज. मी ओरडून सांगितलं, पाईप माझ्या बाजूनं ने म्हणतोय रे. त्याला ऐकू आलं, माझ्या बाजूनं. सांगणारा मी. त्यानं माझ्या बाजूनं जोडला. आणि मी तर तसाच दवाखान्याच्या पैशांसाठी गावाला पळालो. मग पुढचं सगळं झालं. परत आलो तेव्हा पाईप पक्का झाला होता.

वहिनी — ह्यांना सांगितलं होतंत?

भावजी — ठिणगीनं फोटो पाठवला होता. मी बघितलाच नाही, दादाला पुढं पाठवून दिला. त्यानं बघितला असणार.

वहिनी — बघितला. फोन छातीवर ठेवून पडले होते त्या दुपारी. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, लहान आहे अजून.

(भावजी चावी फिरवतात. मग इंजिन चालू होतं.)

वहिनी — असू दे चालू. बंद करू नका. मी हात ठेवते.

भावजी — जपून.

वहिनी — अग बाई.

भावजी — काय?

वहिनी — काही नाही. ठिणगी खरं बोलला.

भावजी — वहिनी, तुम्ही रडताय. बंद करतो मी.

वहिनी — नका करू. आणि सीटही काढायची नाही. ऐकताय ना? बोल्टला हात लावायचा नाही कुणी. मी रोज संध्याकाळी येत जाईन. तुम्ही गाडी चालू करून द्यायची आणि वर जायचं. मी कुणाचं काही मागत नाही, भावजी. एवढं द्या मला.

भावजी — तुम्ही म्हणाल तसं. पण आकडा बघा. बंदूक धरलीय मी. अडतीस.

वहिनी — थोडं चढणारच. संध्याकाळ आहे.

भावजी — साडेअडतीस.

वहिनी — उतरेल. उतरायचा ह्यांचा.

भावजी — एकोणचाळीस, वहिनी. आणि माझ्या पायाखाली अजून गार. जराही गरम होत नाही.

वहिनी — चामडं थरथरतंय का हो?

भावजी — इंजिनमुळं असेल.

वहिनी — नाही. ती थंडी वाजतेय. ताप चढताना वाजायची तशी. पांघरूण दोन्ही हातांनी धरून ठेवायची मी.

भावजी — चाळीस. मी बंद करतो.

वहिनी — बंद करून काय होणार? उद्या चालू कराल, परत हेच. तुमच्या पायांची धग आहे ती. सगळी हे आपल्या अंगावर ओढून घेतायत. मी इथं हात शेकत बसायचं, आणि ह्यांनी रोज संध्याकाळी फणफणायचं, होय? एवढी स्वार्थी नाही झाले मी अजून.

भावजी — मग काय करू, सांगा. पाईप कापून तिकडं नेऊ?

वहिनी — काही करू नका. गप्प बसा जरा. मला बोलू दे. अहो. ऐकता का? मी आहे. पुरे झालं आता. त्याचे पाय त्याला सांभाळता येतात. तो लहान नाही राहिला. पट्टी त्याची त्यानं बांधलीय, बघा, ओळीनं, घट्ट, तुम्ही शिकवली तशी. थोडं भाजलं तर भाजू दे. तुम्ही सोडा आता. माझंही काही नाही. मी उशी घेईन नवीन. सोडा.

भावजी — वहिनी.

वहिनी — बोलू नका म्हटलं ना.

भावजी — पाय शेकतोय माझा.

वहिनी — शेकतोय?

भावजी — चांगलाच. बूट काढला होता मी. काय धग आहे ही! टोचतेय.

वहिनी — मग पाय काढू नका लगेच. जरा सोसा.

भावजी — सोसतोय. इकडं उतरायला लागलं, वहिनी. अडतीस. सदतीस. आला, बरोबर सदतीसवर आला. थांबेल आता इथं?

वहिनी — नाही थांबायचा.

भावजी — छत्तीस. पस्तीस. वहिनी, अजून खाली चाललाय हो. आता किती सांगू तुम्हाला...

वहिनी — बंदूक खाली ठेवा, भावजी. माझा हात आहे तिथं.