तक्रार मागे घेण्याचं कारण

नाही नाही, तक्रारीचा कागद ठेवा परत, ताई — तक्रार माझी कधीच देऊन झालीय, महिना झाला, याच खिडकीत दिली, तेव्हा तुमच्या जागी चष्मेवाले गृहस्थ होते. मला ती मागे घ्यायचीय. आणि तो दुसरा कागद असतो ना, पोलिसाचं कौतुक करायचं असेल तर — तो द्या. हो, एकाच माणसाबद्दल. तक्रारही त्याच हवालदारांची आणि कौतुकही त्यांचंच. हसा, हसा, तुमच्या जागी मीही हसले असते. बसते — नको, उभीच बरी आहे, बसलं की घर आठवतं. शेजारीण आमच्या यांच्याजवळ थांबलीय, तासाच्या वर थांबत नाही ती, आणि तिचं तरी काय चुकतं, तिला तिचा संसार आहे.

काय लिहिलं होतं म्हणता? दोन ओळी. हवालदार दर गुरुवारी दुपारी कारण नसताना घरी येतात, त्रास होतो. झालं. कुणी विचारलं नाही कसला त्रास, शिक्का मारला आणि पोच हातात दिली. आणि या कौतुकाच्या कागदावर बघा — तारीख, ठिकाण, नेमकं काय काम केलं, सविस्तर लिहा. म्हणजे वाईट बोलायला दोन ओळी पुरतात आणि चांगलं बोलायचं तर अख्खी कहाणी सांगा. कसला त्रास... काही नाही हो. दारातच उभे राहायचे, बूट काढावे लागतील म्हणून आत येत नसत. काका कसे आहेत, तुम्ही जेवलात का, झोप होते का. एवढं विचारायचे आणि पाणीसुद्धा न घेता जायचे.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. डोकं गेलं, हात राहिले. चार वर्षं झाली, दिसेल ते खोलून ठेवतात — नळ, रेडिओ, दाराची कडी. एकदा माझं शिवणयंत्र सुटं करून टेबलावर ओळीनं मांडलं, एक स्क्रू हरवला नाही. मला ओळखत नाहीत. 'बाई, तुमचं काम उद्या होईल' म्हणतात, रोज म्हणतात. मीही म्हणते, बरं, उद्या येते. किती वाजले हो? तर हे हरवले, त्याला तीन महिने झाले. मी चौकीत जाऊन सांगितलं, कडी खोलून गेले. पटलं सगळ्यांना, न पटायला काय झालं. संध्याकाळी हवालदारांना सापडले, बसच्या शेवटच्या थांब्यावर, बाकावर बसून गजराचं घड्याळ दुरुस्त करत होते. खिशात पाव होता, बाटलीत पाणी होतं, अंगात स्वेटर होता — थंडी वाजू नये म्हणून मी... म्हणजे त्यांनीच घातला असेल.

यांना घरी आणून सोडलं तेव्हा हवालदारांनी घड्याळाचं विचारलं नाही, पावाचंही नाही. त्यांनी फक्त स्वेटरची कॉलर उलटी करून बघितली. तिथं मी पट्टी शिवली होती, नाव, पत्ता, फोन. पट्टी नव्हती. आता निघते एखादी पट्टी धुण्यात, नाही का? पण ओढून निघाली असती तर लोकर उसकटली असती. ही एकेक टाका कापून काढलेली, दोरेसुद्धा वेचलेले. चाळीस वर्षं शिवणकाम करतेय मी, ताई, मला फाडता येत नाही. बस चुकत होती, तरी नीटच उसवलं. त्यांनी बोट फिरवलं तिथं आणि म्हणाले, 'माझे वडील शिंपी होते.' बस, इतकंच. वहीत लिहिलं — स्वतःहून भरकटले, सुखरूप मिळाले. निघताना मला हळूच म्हणाले, 'पुन्हा असं काही मनात आलं तर आधी मला सांगायचं. मी गुरुवारी येतो.'

तुम्ही पेन का खाली ठेवलंत?

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चोराच्या मनात चांदणं, मला वाटायचं ते बघायला येतात, हा माणूस अजून घरात आहे की गेला. त्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही मला. शेजारणीनं विचारलं, हा पोलीस का येतो गं सारखा, आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला — त्रास देतो म्हटलं. तक्रार कर, म्हणाली. केली. परवा त्यांची चौकशी आहे, आणि ऐकलं ते असं की ते मिठाची गुळणी धरून बसलेत. बोलले तर मी अडकते, आणि खोटी नोंद केली म्हणून तेही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत त्या माणसाची. मला लाज वाटते हो, फार लाज वाटते.

मागे घेण्याचं कारण लिहावंच लागतं? गैरसमज झाला, असं नाही चालत? चौकशीला पुरत नाही... बरं. मग लिहा — हवालदारांना मीच बोलावत होते. दर गुरुवारी, माझ्या सांगण्यावरून यायचे. लिहा हो. लोक काय म्हणायचं ते म्हणतील, साठीच्या बाईला नावं ठेवून किती दिवस ठेवतील. आणि हे खोटं आहे असं नाही. पहिले दोन गुरुवार सोडा, पुढं मी दोन वाजल्यापासून खिडकीत उभी असायचे. त्यांचं टोपीतलं डोकं गल्लीत दिसलं की एक आठवडा सुटला असं वाटायचं. आता चार गुरुवार कुणी आलेलं नाही. पट्टी मी पुन्हा शिवली होती. काल ब्लेड हातात घेतलं, पहिला टाका कापला, आणि यांनी हात पुढं केला — 'द्या बाई, मी करून देतो.' म्हणून आज इथं आले.

हे नका लिहू. बोलावत होते, तेवढंच लिहा. कौतुकाचा कागद राहू दे, तो काही मला भरता यायचा नाही.

आणि असं बघू नका, ताई. सही कुठं करायची तेवढं सांगा.