दोन काचांमधलं पाणी

ओढू नका वहिनी — हात लावू नका फोटोच्या काचांना, चिकटल्यात त्या एकमेकीला. ओढल्या की गेलंच सगळं. राहू द्या त्या तसराळ्यात. बसा, स्टुलावर बसा. पाणी शिरतंय आपसूक, ती काळी रेघ दिसती ना कडेला — सकाळी नखाएवढी होती, आता दोन बोटं आत गेली. उघड्यावर पाणी कसं धो धो धावतं, पण दोन काचांच्या मधी केसाएवढी फट असली की त्याची चालच बदलती. मुंगीच्या पावलानं जातं. अन् एकदा आत बसलं की निघत नाही. कडा वाळून गच्च होतात, आतली ओल महिनोन्महिने तशीच.

चूक माझीच म्हणा. तीस वर्षं फोटो काढतोय ह्या जामबाग मोहल्ल्यात, ओली काच काचेवर ठेवायची नाही, उभी करून वाळवायची, हे मला सांगावं लागतं का? नाही लागत. पण परसाल तुमच्या पोरानं, दिगंबरनं, तिरंगा हातात धरून फोटो काढवला — निझामाचं राज्य, झेंडा दिसला की तुरुंग. तो बाहेर पडला, मी काच धुतली, अन् गल्लीत पोलिसांच्या शिट्ट्या. समोर ठाण्याच्या अमीनसाहेबाच्या फोटोची काच होती, तीही ओलीच. तीच वर उपडी घातली. झडती झाली तर पोलिसाचंच तोंड दिसावं — काय हुशारी. नंतर उजेडात धरली तर दोघं एकदमच दिसायचे, एकाच्या डोळ्यातून दुसऱ्याचा डोळा. मग मी धरायचंच सोडलं.

कळतंय मला, घरात त्याचा दुसरा फोटो नाही. तुरुंगातून नुसता तो गेल्याचा निरोप आला. म्हणून तर बसलोय. आता पोलीस अ‍ॅक्शन झाली, निझामाचं राज्य गेलं, अमीन पळाला, भीती कशाची? कशाचीच नाही. अन् तेव्हा तरी — वाळवायला वेळ होता हो, पण मागच्या दारावर सारख्या थापा, काका उघडा, काका उघडा —

कोण म्हणून काय विचारता वहिनी. तोच. कडी काढायला कितीसा वेळ लागतो? मी काचा लपवत बसलो. थापा थांबल्या तेव्हा कुठं हात पुसले.

थांबा — सरकली. चेहरा आलाय, शाबूत आहे, डोळेबिळे सगळे. उजवा हात तेवढा... अमीनच्या काचेवर चिकटून गेला, झेंड्यासकट.

घ्या. उभी धरून न्या, ओली आहे. असं बघू नका माझ्याकडं. जावा आता. दार लोटू नका मागं. मी लावतच नाही हल्ली.