गहिनीनाथच्या पुडीत काय होतं

नाही, चिठ्ठी वाचली मी, परत पुढं करू नको. ‘आपण दिलेल्या पांढऱ्या पुडीत कोणते औषध होते ते कृपया त्वरित लिहून पाठवावे’ — कृपया म्हणे. नगरच्या इस्पितळात येऊन वर्ष झालं नाही या पोराला, आणि बावीस वर्षं घोडेगावात दवाखाना चालवणाऱ्या काकासाहेब डॉक्टरला जाब विचारतो. बस, कडूबाई, उभी राहू नको. तुझ्या नवऱ्याचं काय झालं ते सबंध बैलबाजाराला ठाऊक आहे. भर सौद्यात, रुमालाखाली भावाची बोटं धरलेली असताना रक्ताची उलटी — समोरच्या गिऱ्हाइकाचं धोतर लाल. मी तेव्हाच म्हटलं, दारू. तू म्हणतेस, ‘थेंबाला शिवत न्हाई हो, डाक्टर.’ बाजारातला दलाल आणि दारूला शिवत नाही — बरं, नाही शिवत. मग क्षय. तोंडातून रक्त आलं की क्षय, हे शेंबडं पोरही सांगेल.

पण नाही, नगरच्या त्या डॉक्टरसाहेबांनी पोटावर हात फिरवला — डावीकडे पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली लागली. बेंबीभोवती निळ्या शिरा दिसल्या. पांढरा रस पाजून फोटो काढला. झालं निदान. यकृत आवळून दगड झालंय, त्यातून रक्त पुढं जात नाही, मागं तुंबतं, आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात — असंच सांगितलं ना तुला? पाटाचं दार बंद केलं की पाणी बांध फोडतं, तसं? अरे, तू डॉक्टर आहेस का पाटकरी? आणि पोट फुगलेलं मला काय दिसलं नव्हतं? दिसलं. गॅस म्हटलं, सोड्याची बाटली दिली. शौचाला डांबरासारखं काळं होतंय म्हणून तू दिवाळीत आलीस — म्हटलं, टॉनिकात लोखंड असतं, त्यानं होतं. आता ते टॉनिक त्याआधी महिनाभर बंद होतं हे मी कुठं कुठं लक्षात ठेवायचं?

आणि चिठ्ठीच्या पाठीमागं आणखी शहाणपण. ‘चार वर्षांपूर्वीच्या काविळीआधी इंजेक्शने घेतली होती काय?’ घेतली होती. तापाची साथ होती, दारात रांग होती. सकाळी सुई उकळून घेतो मी, मग दिवसभर स्पिरिटचा बोळा — सगळेच असं करतात. त्या रांगेतल्या सहा-सात जणांना पुढं दोन महिन्यांनी डोळे पिवळे आले, त्याला मी काय करणार? पाणीच तसलं होतं. तुला आलं नाही ना पिवळं? पाणी तूही तेच पीत होतीस — ते जाऊ दे.

पुडीत काय असणार? अ‍ॅस्पिरिन. गोळ्या कुटून, थोडा सोडा मिसळून. यंदा दुष्काळी कामावर खडी फोडणारा अर्धा गाव माझ्या पुडीवर उभा आहे. ती घेतल्याशिवाय दुसऱ्या दिवशी हातोडा उचलत नाही. गहिनीनाथचं अंग दुखायचं, दिली. रोज दोन पुड्या, सलग तीन महिने. बाजारातल्या उलटीच्या दिवशी सकाळी तर तीन घेऊन गेला होता, माझ्याच हातची. अ‍ॅस्पिरिननं पोटात रक्त सुटतं म्हणतात, पण काय वाईट झालं?

म्हणजे — तसं नाही.

हे बघ, चूक तिकडची आहे. नाकातून रबरी नळी घातली, आत फुगा फुगवून रक्त दाबलं, बाटल्या चढवल्या, बिनमिठाचं जेवण, लघवीच्या गोळ्या. सगळं केलं, रक्त थांबलं, नळी काढली. मग परवा पुन्हा का सुटलं? यांनाच जमलं नाही. त्याचं डोकं दुखतंय म्हणून तू सोमवारी माझ्याकडं आलीस, मी दहा पुड्या दिल्या, नर्सला दाखवू नको म्हटलं, दुधातून दे म्हटलं — किती दिल्यास? दहाच्या दहा? दोन दिवसांत? अगं बाई, मी काय सगळ्या एकदम —

आणि पुड्यांचे कागद सापडले उशाखाली. हं. म्हणून ही चिठ्ठी.

पुण्याला नेऊन शिरेला शीर जोडणार म्हणतात ना? नेऊ देत की. त्याआधी तिसऱ्यांदा रक्त गेलं तर माणूस हाती लागायचा नाही असं म्हणाला? त्यांची घाबरवायची पद्धत आहे ती. लिहून मात्र मी देणार नाही. आज पुडी विचारतो, उद्या सुई विचारेल. बावीस वर्षांचं नाव आहे माझं. तू सांग, सोडा होता. खायचा सोडा. सोडा म्हटलं की तो दुसरं काहीतरी शोधत बसेल आणि — शोधू दे.

ओठ कसले हलवतेस? मोठ्यानं बोल. काय म्हणालीस? अ‍ॅस्पि— नाही, तो शब्द नाही, सोडा म्हण — कडूबाई, अक्षरओळख नाही तुला, नगरला पोचेपर्यंत चार वेळा विसरशील. पाठ करत जाणार? एसटीत बसून? अगं, दाराशी लोक बसलेत, हळू म्हण. पदर सावर, चप्पल तरी घाल — कडूबाई.

गेली.

पुढं कोण आहे? ये, रतनबाई. खडीवरनं आलीस? नाही, पुड्या नाहीत आज. कपाटात दिसताहेत त्या वेगळ्या. नाहीत म्हटलं ना. जा घरी.