कौल कुणाच्या नावाने

माझं नाव सुवर्णा, पण हॉस्पिटलात मला सगळे सिस्टरच म्हणतात, बावीस-तेवीस वर्षं तेच ऐकतेय, आता कुणी सुवर्णा म्हणून हाक मारली तर आधी मीच बघते की ही कोण. जन्म विक्रोळीचा. वडील लांज्याकडचे, गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसे इथे एका कारखान्याच्या गेटवर लागले. आम्ही तिघी बहिणी. वडील म्हणाले नर्सिंग कर, नर्सला कुठे मरण नाही, म्हणून केलं, आवड-बिवड तेव्हा कोण बघतं ताई, पण नंतर लागली आवड, खोटं कशाला बोलू. मुलुंडच्या हॉस्पिटलात लागले ती अजून तिथेच, बायकांच्या वॉर्डात.

लग्न झालं तेही विक्रोळीतच. सासरची माणसं मूळची मालवणकडची. मिस्टर कारखान्यात मशीनवर होते, पर्मनंट, तेव्हा पर्मनंट म्हणजे काय सांगू तुम्हाला, मुलीच्या बापाने दुसरं काही विचारायचंच नाही. सासूबाई कडक. पहिल्याच दिवशी मला सांगितलं, नोकरी कर, रात्रपाळी कर, माका काय नाय, पण माश्यांक हात लावचो नाय, मासे मी करतलंय. मी म्हटलं चला, एक काम वाचलं. असं आमचं जमलं ते जमलंच. मग सानिका झाली, एकच मुलगी, आता दहावी झाली तिची.

मग कंपनी गेली. मशीनं उचलली, दुसऱ्या राज्यात नेली, माणसं इथेच ठेवली. मिस्टरांना तेव्हापासून धड काम नाही. कधी भिवंडीला गोडाऊनला, कधी कुणाची गाडी चालव, कधी सिक्युरिटीला, सहा महिने हे, चार महिने ते, मध्ये घरी. घर माझ्या पगारावर. मी कधी एका शब्दाने बोलले नाही, शपथेवर सांगते, पण मी बोलत नाही हेही त्यांना लागायचं, मग मी काय करायचं सांगा. रोज ड्यूटीला मला स्कूटरवर मुलुंडला सोडायचे, तेवढं मात्र चुकवलं नाही.

आता ह्या परदेशाचं कसं झालं. आमच्या इथल्या पोरी, म्हणजे ज्युनिअर सिस्टर, पटापट आयर्लंडला निघाल्या होत्या, ही गेली, ती गेली, इंग्रजीची परीक्षा द्यायची, पास झालं की तिकडची हॉस्पिटलं बोलावतात. घरी मी सहज बोलले. सहज हं. मिस्टर म्हणाले तूही दे. मी म्हटलं अहो माझं वय काय, पंचेचाळीस. ते म्हणाले देऊन तर बघ. एकदा मी नापास झाले, तेव्हा मला राग आला स्वतःचा, ह्या काल आलेल्या पोरी पास होतात आणि मी नाही, म्हणून दुसऱ्यांदा अभ्यास केला आणि झाले पास. मला फक्त पास व्हायचं होतं ताई. पण पास झाले आणि घराला चाकंच लागली. इंटरव्ह्यू झाला, ऑफर आली, नवऱ्याला आणि मुलीला नेता येणार होतं, सासूबाईंना नाही. तसा नियमच होता.

सानिकाने अकरावीच्या ॲडमिशनमधून अंग काढून घेतलं, म्हणाली मम्मी आता कशाला, तिकडेच शिकणार मी, आणि सगळ्या मैत्रिणींना सांगून मोकळी. मिस्टर तर वेगळेच दिसायला लागले, दाढी रोज, बोलण्यात जोर, रूम भाड्याने द्यायला एजंट बघून ठेवला. सोसायटीचा चेअरमन खाली भेटला की त्यांनाच म्हणायचा, काय साहेब, चालला ना. ते हसायचे. किती वर्षांनी हसताना बघितलं होतं मी त्यांना, त्या हसण्यावर पाणी कुठे ओतू? म्हणून मी गप्प.

आणि सासूबाई. त्यांनी तर सगळ्यांच्या आधी आवरायला घेतलं. बोरीवलीच्या नणंदेकडे त्या राहणार असं ठरलं, म्हणजे मिस्टरांनी ठरवलं. गावाहून आलेल्या कोकमाच्या आगळाच्या बाटल्या त्यांनी शेजारी वाटून टाकल्या, पापड वाटले, स्वतःची लुगडी एका पिशवीत भरून पलंगाखाली ठेवली. मी म्हटलं आई, अजून वेळ आहे. तर म्हणाल्या, वेळ तुका आसा गो, माका नाय. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

माझी झोप उडाली. वॉर्डात औषधाचा ट्रे हातात घेऊन मी उभीच राहायची. कसं आहे ना ताई, माझी एखादी आजी गोळी थुंकते, मी कमरेवर हात ठेवते, म्हणते आजी, गिळ नाहीतर जावयाला फोन लावते, ती शिव्या देत हसते आणि गिळते. तिकडे मी कशी दटावणार? परीक्षेतलं इंग्रजी दटावण्याचं नव्हतं. तिकडे मी पुन्हा ज्युनिअर, माझ्या लेकीएवढ्या पोरी मला शिकवणार चादर कशी घालायची. घरी हे सांगायचं ठरवायची आणि दार उघडलं की मिस्टर आयर्लंडमधल्या त्या गावाचे फोटो दाखवायचे, हे बघ नदी, हे बघ तुझं हॉस्पिटल. तिकडची नोकरी लावून देणारे एजन्सीवाले रोज फोन करायला लागले, हो की नाही ते कळवा, दुसऱ्या सिस्टर लाइनमध्ये आहेत.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, गावाक जावया, देवाक कौल लावया, मग काय ता ठरवा. तुम्हाला कौल माहीत आहे का? आमच्याकडे ग्रामदेवतेच्या देवळात गुरव देवाच्या पाषाणाला पाणी लावतो, त्यावर पाकळ्या चिकटवतो, उजव्या बाजूच्या, डाव्या बाजूच्या, आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपली अडचण देवाच्या कानावर घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर कर, डावी पडली तर नको. लग्न, जमीन, विहीर, सगळं विचारून. सानिकाने डोळे फिरवले, म्हणाली फुलं ठरवणार का माझं करिअर. पण मिस्टर तयार झाले. आणि मी तर मनातून सुटले, कारण माझ्या तोंडून जे निघत नव्हतं ते देवाने बोलावं, माझ्यावर येऊ नये, एवढीच माझी हुशारी.

गेलो. गावात शिरलो तेव्हापासून बघतेय, जो तो मिस्टरांची पाठ थोपटतोय, काय रे दिनेश, नोकरी गावली मा परदेशात, झकास. मला वाटलं बोलण्याची पद्धत असेल. देवळात वाडीतली माणसं जमली, गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि सुरू केलं, बा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू दिनेश तुझ्या पायाकडे इल्ला हा, तेका परदेशात मोठी नोकरी गावली हा, बायकापोरांक घेवन जावचा म्हणता, जावचा असात तर उजवी दी, नाय तर डावी दी. सगळे म्हणाले, होय म्हाराजा.

मी मिस्टरांकडे बघितलं. ते खाली बघत होते. तेव्हा मला कळलं, गावात त्यांनी नोकरी आपली म्हणून सांगितली होती. किंवा सांगितली नसेल, लोकांनी धरून घेतली आणि ह्यांनी राहू दिली. एवढ्यात डावी पाकळी पडली. टपकन.

खरं सांगू? आधी मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं. मग ह्यांचा चेहरा बघितला, पांढराफटक. सानिका रडायला लागली. आणि मग, मला माहीत नाही कुठून आला, राग आला मला. इतकी वर्षं रात्रपाळ्या केल्या, दोनदा परीक्षा दिली, आणि देवासमोर माझं नाव नाही? बायकापोरं म्हणे. मी तिथेच बोलले, काका, नोकरी माझी आहे.

 गुरवकाका मिस्टरांकडे बघतायत, मिस्टर जमिनीकडे. मला वाटलं आता सासूबाई मला गप्प करणार, चार लोकांत मुलाची शोभा केली म्हणून. तर ह्या बाईने काठी आपटली आणि म्हणाल्या, गुरवा, चुकला. नोकरी सुनेची हा. तिच्या नावान लाव परत. ज्या बाईला मागे टाकून जायचं होतं तीच बोलत होती हे, लिहा ताई हे.

गुरवकाकांनी पाषाण पुसला, नव्या पाकळ्या घेतल्या, माझं नाव विचारलं. मी सांगितलं, सुवर्णा. मग म्हणाले, बाय माझे, गाऱ्हाणां काय घालू? तुका काय व्हया?

आता बघा, साधा प्रश्न. पण महिने महिने घरात परदेश चालला होता, एजंट आला, फोटो आले, बाटल्या वाटल्या गेल्या, हा प्रश्न कुणी केला नव्हता, आणि मीही कुणाला करू दिला नव्हता. माझं तोंड उघडलं आणि आवाज निघाला, मला नाही जायचं. पुन्हा म्हटलं, मोठ्याने, मला नाही जायचं.

गुरवकाकांनी पाकळ्या तबकात ठेवून दिल्या. म्हणाले, मग कौल कित्याक लावचो? ज्यांका कळणा नाय तेंनी देवाक विचारूचा. तुका कळला हा. मिस्टर उठून बाहेर गेले.

परतीचा प्रवास विचारू नका. चौघं एका रांगेत बसलेलो, चौघांची तोंडं चार दिशांना. घरी आल्यावर सानिकाचा भडका उडाला, मम्मी तू माझी वाट लावलीस, आधी बोलायचंस ना, आता मी मैत्रिणींना काय तोंड दाखवू. खरंच होतं तिचं, आधी बोलायला हवं होतं. सासूबाई तर माझ्यावरच उलटल्या, म्हणाल्या, माझ्यासाठी रवलंस असा उद्या म्हणशीत, माझ्या नावार बिल फाडू नको हां. मी म्हटलं आई, तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी राहिले. त्या म्हणाल्या, तर मग ठीक हा. एजन्सीला मी फोन करून नाही म्हणून सांगितलं. 

मिस्टर बोलायचे बंद झाले. स्कूटरवर सोडणं बंद. मी बसने जायची. जेवायचे, झोपायचे, खिडकीत उभे राहायचे. भांडण परवडलं ताई, हे नाही परवडत.

मग एक दिवस दुपारची ड्यूटी सुटली तर गेटवर स्कूटर घेऊन उभे. समोरच्या टपरीवर चहा घेतला. म्हणाले, मी एकटा जातो दुबईला, एक एजंट आहे, ड्रायव्हरचं काम आहे.  हो म्हणावं तर नवरा जातो, नको म्हणावं तर पुन्हा मीच आडवी आले म्हणून आयुष्यभर ऐकायचं, तेही न बोलता. मग मला देऊळ आठवलं. मी म्हटलं, अहो, तुम्हाला स्वतःला जायचंय का?

त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाले, नाही गं. मला आयर्लंडला पण नव्हतं जायचं. मला इथून निघायचं होतं. सकाळी नऊला खाली उतरलो की तो चेअरमन विचारतो, काय साहेब, आज सुट्टी? रोज विचारतो. तिकडे मी काहीही केलं असतं, झाडू मारला असता, पण असं विचारायला तिथे ओळखीचं कुणी नसतं.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, भर रस्त्यात, टपरीवाला बघत होता तरी ठेवला. दुबई मग राहूनच गेली.

आता तुम्ही विचाराल पस्तावा होतो का. होतो ना. सानिका धड बोलत नाही अजून, उशिरा ॲडमिशन घेतली, मनासारखं कॉलेज नाही मिळालं, ती म्हणते ग्रॅज्युएट झाले की मी जाणार, आणि मी म्हणते जा बाई, खुशाल जा. गेलेल्या पोरी बर्फाचे फोटो पाठवतात, मी बघते आणि लाइक करते. मिस्टरांना अजून पक्कं काम नाही, मिळेल असंही मी म्हणत नाही, वय झालं. सासूबाईंची पिशवी पलंगाखालून निघाली, लुगडी कपाटात गेली. आहे हे असं आहे.

पण परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. सकाळी नऊला आम्ही दोघं खाली उतरलो, ते मला सोडायला निघाले होते, हल्ली सोडतात पुन्हा. चेअरमन गेटवर उभा. म्हणाला, काय साहेब, आज सुट्टी? मी नेहमीसारखी मान खाली घातली. तर हे स्कूटर पुसता पुसता म्हणाले, सुट्टी नाही हो, काम नाही. बायको कमावते, तिला सोडायला चाललोय. आणि फडकं सीटखाली ठेवून मला म्हणाले, बस.

मी बसले. मुलुंड येईपर्यंत मागे बसून रडत होते, त्यांना कळू दिलं नाही. देवाने ह्या माणसाला असंच बोलतं ठेवावं, दुसरं काही मागणं नाही माझं.