तळ्यातलं जनावर

"पंखा लावा हो कुणीतरी."

"ढकलू नका."

"साहेब जेवायला गेलेत."

पाणीखात्याच्या रांगेत माझ्या हातात कंत्राटाचं बिल होतं; माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

"वहिनी, जनावर आहे म्हणून तळं उपसू नका, असं सांगणार साहेबांना? हसतील गं."

"हसू देत. त्यानंच ह्यांना ओढून नेलं."

"असलं जनावर नसतं. कुणी पाहिलंय आजवर?"

"तुमच्या दादांनी. मला सांगितलं होतं."

"आणि तळं उपसून काहीच निघालं नाही तर?"

"म्हणूनच उपसायचं नाही, वन्सं. जनावर नसेल, तर हे आपल्या पायांनी पाण्यात गेले. पोरीला काय सांगू मी?"





"तू गप्प बस. साहेबांशी मी बोलते. म्हणेन, मीही पाहिलंय."

त्याच सकाळी आम्ही तळ्यावरचे पंप सुरू केले होते.