चौथ्या दिवशी परत

...आणि वरनं डॉक्टर हसतोय, बायांनो. मी म्हणते, माणसानं देवीला अंगातलं काढून द्यावं आणि चौथ्या दिवशी ते आपलं आपण परत येऊन बसावं, ह्याला दान म्हणायचं का?

पहिल्यापासनं सांगते. शहाऐंशीच्या श्रावणात आमच्या धाकट्या जावेला, अक्काताईला, ताप भरला. हिरड्यांतनं रक्त, दंडावर निळे डाग. निपाणीहून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तर म्हणाले, हिच्या रक्तातल्या प्लेटलेट संपत आल्यात. वाहणारं रक्त थांबवणाऱ्या बारक्या टिकल्या असतात म्हणे, त्या दुसऱ्या कुणाच्या तरी अंगातनं काढून द्याव्या लागतील. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, जुळलं ते माझं. मी तिथंच जिन्यात उभी राहून यल्लम्माला बोलले, आई, हिला वाचव, माझ्या अंगातलं तुला वाहते, परत म्हणून घेणार न्हाय.

बोलून बसले.

मग दोन तास मशीनला जोडलं. ह्या हातातनं रक्त बाहेर, मशीनमधनं गरगर फिरवून त्या हातातनं परत आत. म्हटलं, "डॉक्टर, दिलेलं परत कशाला घालताय?" तर, "आक्का, प्लेटलेट तेवढ्या आम्ही ठेवून घेतो, बाकीचं तुमचं तुम्हाला." म्हणजे पुजाऱ्यानं नारळ फोडून निम्मी वाटी हातावर ठेवावी तसं... बरं, तेही चाललं. मध्येच माझ्या ओठांना झिणझिण मुंग्या आल्या. मला वाटलं, आली, आई अंगात आली. डोळे मिटून 'उदो' म्हणणार, एवढ्यात नर्सबाई, "कॅल्शियम कमी झालंय, दूध द्या हिला." दूध प्याले. आई गेली.

घरी आले तर सासूबाई, ज्यांनी लग्न झाल्यापासनं मला कधी 'बस' म्हटलेलं न्हाय, त्या म्हणतात, "पडून राहा गं, अंग रिकामं झालंय तुझं." डिंकाचे लाडू केले. मी पडले. खरंच रिकामं वाटत होतं, आणि तुम्हाला म्हणून सांगते, लई बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी अक्काताईला बघायला गेले, तर डॉक्टरानं माझंही रक्त तपासलं. द्यायच्या आधी टिकल्या दोन लाख ऐंशी हजार, दिल्यावर दोन लाख दहा, आणि आता किती? दोन लाख नव्वद. "भरून आल्या की आक्का, दहा हजार जास्तच. धडधाकट माणसाचं असंच असतंय." आमच्या ह्यांनी घरात पाऊल टाकताच ते सांगून टाकलं, आणि सासूबाई लाडवाच्या डब्याला झाकण लावत म्हणाल्या, "भरून आलंय न्हवं? मग भाकऱ्या थापायला घे."

भाकऱ्यांचं सोडा. यल्लम्माला काय तोंड दाखवू? परत घेणार न्हाय म्हटलं होतं आणि घेतलं, तेही वर मापटंभर जास्त. तिकडं अक्काताईचा ताप हटेना. माझ्याच अंगानं मला फसवलं, एका शब्दानं न विचारता. तुम्हीच सांगा, ह्याला दान म्हणायचं का?

दारात परडी घेऊन बायाक्का जोगतीण येते, तिला विचारलं. ती म्हणाली, "परत येतंय ते देवीचं न्हवं. आवडीचं सोड, कायमचं."

"दोडका सोडते," म्हटलं.

"दोडका आवडतोय व्हय तुला?" आणि तिनं माझ्या हातातल्या कपाकडं बघितलं.

सोडला चहा. सकाळचा, दुपारचा, पाव्हण्यांबरोबरचा.

मग पुढच्या आठवड्यात डॉक्टरानं परत एकदा प्लेटलेट काढून घेतल्या, त्याही चार दिवसांत परत आल्या. पण अक्काताई उठली, आईची कृपा. आता रोज दुपारी माझ्यासमोर मांडी घालून बसते, माझ्या टिकल्यांवर चांगली गुबगुबीत झालेली, बशीत चहा ओतून फुंकर घालते आणि म्हणते, "घोटभर घ्या की आक्का, देवी काय बघतीय?"

बघतीय की.

प्लेटलेट दोनदा दिल्या, दोनदा आल्या. चहा सोडला त्याला येत्या श्रावणात तीन वर्षं होतील... तो काय अजून परत आलेला न्हाय.