उन्हातलं शून्य

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वायुमापन विभागाचे माजी प्रमुख माननीय भैयाजी वानखेडे साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती प्रेमानंद मेश्राम, त्यांच्या पत्नी सौ. सरितावहिनी, कूलरसमोरच्या जागा पटकावून बसलेले माझे सहकारी, आणि कूलर वाट्याला न आलेल्या बाकीच्या बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आजवर मी अशा अकरा निरोप समारंभांत बोललो, आणि खरं सांगायचं तर अकराही वेळा एकच भाषण केलं. मनमिळाऊ, हसतमुख, कर्तव्यदक्ष. नाव तेवढं बदलायचं. ते भाषण आजही माझ्या खिशात आहे आणि तिथंच राहील. आज थोडा जास्त वेळ लागेल, त्याबद्दल अध्यक्षांची परवानगी आधीच मागून ठेवतो.

प्रेमानंद आणि मी एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. तो कामठीहून बसने यायचा, डबा घेऊन. त्याची आई पार्वतीबाई पॉवरलूमवर कामाला होत्या. मशीनचा आवाज ऐकून धागा कुठं तुटणार हे त्यांना आधी कळायचं, असं तो सांगायचा. तो कान त्याने आईकडूनच घेतला. आमच्या हवा मोजणाऱ्या यंत्रांना एक पंप असतो. आम्ही पंप बिघडल्यावर यंत्र उघडायचो, हा गडी नुसता कान लावून सांगायचा की याचे अजून पंधरा दिवस राहिले. आणि सोळाव्या दिवशी पंप बसायचा. मला याचा हेवा वाटायचा, हेही आज सांगून टाकतो.

पाहुण्यांसाठी थोडं कामाबद्दल सांगतो. ओझोन म्हटलं की लोक वर आकाशाकडे पाहतात. आम्ही मोजतो तो खालचा, जमिनीलगतचा, तुमच्याआमच्या नाकात जाणारा. आपल्या नागपुरात त्याचा हिशेब सोपा आहे. ऊन चढलं की ओझोन चढतो, ऊन उतरलं की उतरतो. भर दुपारी यंत्राने शून्य दाखवलं, तर समजायचं की पंप बंद आहे, नळीत मुंगळे शिरलेत, नाहीतर वीज गेली. म्हणून विभागात एक नियम होता. उन्हातलं शून्य म्हणजे बिघाड. ती नोंद खोडायची आणि आजूबाजूच्या दिवसांची सरासरी काढून जागा भरायची. नियम मीच लिहिला होता. नागपूरसाठी तो अगदी बरोबर होता.

मग दोन हजार नऊ साली प्रेमानंदची निवड उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेसाठी झाली. दरवर्षी वसंतात, तिथला सूर्य महिनोन् महिन्यांनी वर येतो त्या दिवसांत, दोन-अडीच महिने जायचं, यंत्र चालवायचं आणि नोंदी मला नागपूरला पाठवायच्या. असे सात वसंत तो गेला. पहिल्या वेळी पार्वतीबाईंनी अर्ध्या कामठीला सांगितलं होतं की माझा पोरगा पृथ्वी संपते तिथं चालला.

पहिल्याच वसंतात त्याचा फोन आला. चांगला चाळीसवर असलेला ओझोन सकाळपासून घसरत घसरत दुपारी शून्यावर आला होता, आणि दोन दिवस तिथंच बसून होता. मी म्हणालो, पंप पाहा. तो म्हणाला, पाहिला. मी म्हणालो, नळी बदल. बदलली होती. फोनवरचं त्याचं बोलणं मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "रविंद्र, मशीन बरोबर चालून राहिली गा. हवेतच ओझोन नाही, त मशीन काय दाखवणार?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "प्रेमानंद, उन्हात ओझोन कमी होत नसतो. आपण नागपूरचे आहोत, आपल्याला कोणी ऊन शिकवू नये." माझ्या खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. फोन ठेवला आणि दोन दिवसांची शून्यं खोडून टाकली.

सहा वर्षं हे असंच चाललं. त्याने शून्य पाठवायचं, मी खोडायचं. सातव्या वर्षी मात्र त्याने लेखी कळवलं की यंत्र निर्दोष आहे, नोंदी खोडू नयेत. त्या कागदाची प्रत त्याने थेट भैयाजी साहेबांना पाठवली. ते मला झोंबलं. त्या वर्षीची शून्यंही मी खोडलीच. तोवर मी त्याचा वरिष्ठ झालो होतो, मी त्याच्या गोपनीय अहवालात शेरा लिहिला, 'यंत्राची निगा राखण्यात हलगर्जी, वरिष्ठांच्या सूचनांकडे दुर्लक्ष.' भैयाजी साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली, त्यांचा यात दोष नाही. पुढच्या वर्षी दुसरा माणूस गेला. प्रेमानंदची बढती थांबली ती आजपर्यंत थांबलेलीच आहे. आपल्या विभागाला मात्र 'अखंड व निर्दोष नोंदी' असं प्रशस्तिपत्र मिळालं. ते जिन्याजवळ टांगलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच सुमारास खापा इथं एका लग्नात सरितावहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "भाऊजी, यायच्या हातून काय झालं होतं हो तिकडं?" मी म्हणालो, काही नाही वहिनी, यंत्रच जुनं होतं. आणि जिलेबी घ्यायला पुढं झालो.

दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे संशोधनासाठी मेघा आली. ती समोर बसली आहे, मान खाली घालून. तिने ते सात वसंत मागवून घेतले आणि चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, सर, यात एकही शून्य नाही, असं होऊच शकत नाही. मग तिने मला समजावून सांगितलं. समुद्रावर गोठलेल्या बर्फात मीठ असतं, त्या मिठात ब्रोमीन असतं. हिवाळाभर अंधारात ते पडून राहतं. सूर्य वर आला की त्या उन्हानेच ते मोकळं होतं आणि जमिनीलगतचा ओझोन काही तासांत खाऊन टाकतं. आपल्याकडे जे ऊन ओझोन घडवतं, तेच तिथं तो संपवायला लागतं. आणि ही काही नवी गोष्ट नव्हती. प्रेमानंद तिकडे गेला त्याच्या कितीतरी आधी हे छापून आलं होतं. जगाला ठाऊक होतं. मी वाचलं नव्हतं.

मेघाला मूळ नोंदी हव्या होत्या. बर्फ पातळ होतोय तशी ही शून्यं वाढतायत की घटतायत, हे त्या सात वर्षांवरून तिला पाहायचं होतं. ज्या डिस्कवर त्या होत्या ती कार्यालय हलवताना भंगारात निघाली. प्रेमानंदच्या वह्या होत्या, पण त्या शेऱ्यानंतर त्याने त्या रद्दीत घातल्या. खोट्या ठरलेल्या वह्या घरात कशाला, असं तो वहिनींना म्हणाला होता. ते वसंत गेले, आणि पुन्हा मोजायला कोणी जाईल तर तिथला बर्फही आता तसा राहिलेला नाही.

आपण म्हणाल, रविंद्र, चूक कळली ना, मग दोन वर्षं काय केलं? काही केलं नाही. विचार केला की दोघांचीही निवृत्ती जवळ आली आहे, आता कशाला उकरायचं. गेल्या महिन्यात धीर करून शेरा रद्द करण्यासाठी अर्ज केला. उत्तर लगेच आलं, या कार्यालयात एवढ्या लवकर उत्तर मी प्रथमच पाहिलं. प्रकरण जुनं आहे, मुदत संपली आहे, विचार करता येणार नाही.

तेव्हा मागच्या रविवारी मी कामठीला त्याच्या घरी गेलो आणि हे सगळं त्याच्यासमोर बोललो. त्याने शांतपणे ऐकलं. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. भिंतीवर पार्वतीबाईंचा फोटो होता, नवा. त्या मागच्या ऑक्टोबरात गेल्या, म्हणजे मला खरं कळून दीड वर्ष होऊन गेल्यावर. त्या दीड वर्षात मी त्या घरी दोनदा चहा पिऊन आलो होतो. प्रेमानंद म्हणाला की शेरा लागल्यापासून माय दर सहा महिन्यांनी एकदा तरी विचारायचीच, "काहून रे, मशीन तुह्या हातानंच बिघडली का?" ज्या बाईने जन्मभर लूम चालवला, तिला मुलाच्या हातून मशीन बिघडली याचं दुःख काय असेल, ते मी सांगायला नको. हा म्हणायचा, नाही वं माय. तिचा विश्वास बसायचा नाही, कारण कागदावर साहेबाने लिहिलं होतं.

मग तो मला एवढंच म्हणाला, "मले नसतं सांगितलं तरी चाललं असतं गा. मले त माहीतच होतं. मायले सांगायला पाहिजे होतं."

मित्रहो, आज सकाळी मी ते प्रशस्तिपत्र खिळ्यावरून काढलं. भिंतीवर त्या जागी रंग वेगळा दिसतो, तो तसाच राहू द्यावा अशी विनंती आहे. त्याने कोणाचंच काही भरून निघणार नाही, हे मला कळतं. आता जे स्मृतिचिन्ह प्रेमानंदला दिलं जाईल त्यावर 'निष्कलंक सेवा' असं कोरलं आहे. ते खरं आहे. सेवापुस्तकात जे लिहिलं आहे ते खोटं आहे, आणि खोटंच कायम राहणार आहे.

आयोजकांचे, अध्यक्षांचे आणि एवढा वेळ गप्प बसून ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर तेवढं सभेने पदरात घ्यावं. बाकीचं घेऊ नये. ते ज्या पार्वतीबाईंच्या पदरात घालायचं होतं, त्यांच्यासाठी आज पहिल्या रांगेत खुर्ची मांडावी लागली नाही.